फाशांच्या फुटबॉलला फुटसालचे नियम लावताना: आधी चाली मोजा, मग गोल

फासे टाकून वहीत खेळायचा अकरा जणांचा फुटबॉल फुटसालमध्ये (पाच-पाच जणांच्या, लहान मैदानावरच्या फुटबॉलमध्ये) बसवायला घेतला की बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. फुटसालमध्ये गोल जास्त होतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पहिला हात जातो तो गोलाच्या आकड्यावर. '५-६ ला गोल' खोडून '४-५-६ ला गोल' लिहिलं जातं. मग सामन्यात दहा-दहा गोल पडायला लागतात, कुठल्याच गोलाला किंमत उरत नाही आणि चार दिवसांत फासे ड्रॉवरमध्ये जातात.

आमच्याकडेही हेच झालं होतं. नागपूरच्या मे महिन्यात माझा भाचा आणि त्याचे तीन दोस्त सकाळी सहाला टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ खेळून येतात आणि अकरानंतर घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. दुपारी ते फासे घेऊन बसायचे. पहिला प्रश्न त्यांचाच होता, "मावशी, याच्यात थ्रो-इन काऊन आहे? आम्ही तर पायानं मारतो ना." तिथून सुरुवात झाली. खालचा क्रम दोनदा चुकल्यावर हाती लागला आहे. तो बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचा हिशेब आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## तयारी

दोन वेगळ्या रंगांचे फासे घ्या, एक लाल आणि एक पांढरा. दोन्ही फाशांची बेरीज हवी तिथे दोन्ही टाकायचे, एकच फासा हवा तिथे फक्त लाल. दोन्ही एकाच रंगाचे असले की कोणता धरायचा यावर भांडण ठरलेलं. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि फासे टाकायला उभ्या काठाचा पुठ्ठ्याचा खोका लागेल. स्टीलच्या ताटात फासे फार उड्या मारतात.

कूलरच्या झोतात बसू नका. कागद उडतात ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे कूलरच्या दमट हवेत पातळ कार्डं दोन दिवसांत वाकतात आणि उलटी ठेवली तरी ओळखू येतात. खेळाडूंची कार्डं जाड पुठ्ठ्याची करा आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा.

तपासा: प्रत्येक फासा १२० वेळा टाकून आकडे वहीत मांडा. प्रत्येक आकडा साधारण २० वेळा यायला हवा. एखादा १० पेक्षा कमी किंवा ३० पेक्षा जास्त वेळा आला तर तो फासा बाजूला ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) फूटपाथवरून घेतलेल्या सहा फाशांपैकी एक आम्हाला असाच सापडला.

## टप्पा १: मूळ खेळात किती गोल होतात ते मोजा

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. दोन फाशांची एकूण ३६ दानं पडू शकतात, पण सगळ्या बेरजांचा वाटा सारखा नसतो. २ आणि १२ एकेकदा, ३ आणि ११ दोनदा, ४ आणि १० तीनदा, ५ आणि ९ चारदा, ६ आणि ८ पाचदा, ७ सहादा. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारखे लागतील.

आमच्या मूळ खेळात ५ मिनिटांची एक फेरी, म्हणजे ९० मिनिटांच्या १८ फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाची एक चाल, म्हणजे दोन्ही फासे एकदा टाकायचे, एकूण ३६ चाली. तक्ता असा (आधी बेरीज, मग तिचा अर्थ, कंसात ३६ पैकी दानं):

- २: पेनल्टी (१ दान)
- ३: ऑफसाइड (२)
- ४: फाउल, फ्री किक (३)
- ५, ६, ७: चाल मोडली (१५)
- ८: थ्रो-इन, चाल संपली (५)
- ९: कॉर्नर (४)
- १०, ११, १२: शॉट (६)

शॉटला एक फासा, ५-६ ला गोल. पेनल्टीला ३ ते ६ ला गोल. फ्री किकवर ५-६ आले तर शॉट मिळतो, कॉर्नरवर फक्त ६ आला तर.

आता ३६ चालींचा हिशेब. सरळ शॉट ६, त्यांचा तिसरा हिस्सा गोल, म्हणजे २. पेनल्टीचे ०.६७. फ्री किकमधून ०.३३ आणि कॉर्नरमधून ०.२२. एकूण ३.२२. सामन्यात चालीही ३६ च आहेत, म्हणून सामन्यामागे सव्वातीन गोलांच्या जवळपास. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला सुमारे २.७. मूळ खेळ थोडा सढळ आहे, पण पटण्यासारखा.

तुमचा तक्ता वेगळा असेल. आकडे वेगळे येतील, पद्धत हीच.

सावध: '७ ला फाउल होता, तो ४ वर नेला, एक आकडाच तर हलवला' असं म्हणू नका. ७ ची सहा दानं आहेत, ४ ची तीन. फाउल निम्मे झाले.

## टप्पा २: नियमांची तीन गटांत वाटणी

फुटसालचे नियम वाचताना लगेच फाशांचा विचार करू नका. आधी फक्त तीन याद्या करा.

पहिली, जे नियम जातात त्यांची. ऑफसाइड नाही. थ्रो-इन नाही. खेळाडू किती वेळा बदलायचे याला मर्यादा नाही. कितीही वेळा, खेळ चालू असतानाही खेळाडू आत-बाहेर करता येतात.

दुसरी, जे रूप बदलतात त्यांची. थ्रो-इनच्या जागी किक-इन, आणि तिच्यावरून थेट गोल धरत नाहीत. पेनल्टी ६ मीटरवरून. वेळ २०-२० मिनिटांची, आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. लाल कार्ड मिळालेला खेळाडू परत येत नाही, पण संघाला दोन मिनिटांनी दुसरा खेळाडू आत घेता येतो. समोरचा संघ जास्त खेळाडूंनिशी खेळत असताना त्याने गोल केला तर त्याआधीच.

तिसरी, अगदी नव्यांची. किक-इन, कॉर्नर, फ्री किक चार सेकंदांत घ्यायची. कीपरनेही आपल्या अर्ध्यात चेंडू चार सेकंदांहून जास्त धरायचा नाही. प्रत्येक हाफमध्ये संघाचे फाउल मोजले जातात आणि सहाव्यापासून पुढच्या प्रत्येक फाउलला भिंत न लावता १० मीटरवरून किक. दर हाफमध्ये एक मिनिटाचा एक टाइमआउट.

याद्या झाल्या की तिसऱ्या यादीतला एकेक नियम बोटाने दाखवून विचारा: हा नियम गेला तर टर्फवर खेळणाऱ्या पोट्ट्यांना चुकल्यासारखं वाटेल का? आमच्या पोरांचं उत्तर फाउलच्या मोजणीसाठी सगळ्यांत जोरात 'हो' होतं. म्हणून तक्त्याची मांडणी मी तिच्याभोवती केली.

## टप्पा ३: फेरी किती मिनिटांची

४० मिनिटं आहेत म्हणून १० मिनिटांच्या चार फेऱ्या किंवा १ मिनिटाच्या ४० फेऱ्या असं सोयीने ठरवू नका. नियमांत जी सगळ्यांत छोटी मुदत खेळाला हवी आहे, ती फेरीची लांबी. इथे ती मुदत लाल कार्डाची, दोन मिनिटं. म्हणून फेरी २ मिनिटांची: हाफमध्ये १०, सामन्यात २०. संघ एक खेळाडू कमी असतो तो बरोबर एका फेरीसाठी. वेगळं घड्याळ नको, मिनिटं मोजायला नको.

पण फेरीत एकेकच चाल ठेवली तर 'गोल झाला की आधीच खेळाडू आत' या भागाला जागाच राहत नाही. म्हणून एका फेरीत प्रत्येक संघाच्या दोन चाली, आळीपाळीने. पहिल्या चालीवर गोल खाल्ला तर दुसऱ्या चालीला पाच जण पुन्हा पूर्ण. एकूण चाली झाल्या ८०.

लेखाच्या सुरुवातीची चूक इथे पकडली जाते. जुना तक्ता जसाच्या तसा ८० चालींना लावला तरी ७.१६ गोल होतात. त्यावर शॉटचा गोल ४-५-६ ला केला तर बरोबर १०. म्हणजे गोल वाढवायचे होते ते चाली वाढल्यानेच वाढलेत. मला सामन्याला सहाच्या आसपास गोल हवे होते, तर एका चालीमागचा गोल कमी करावा लागणार.

तपासा: पुढे जाण्याआधी वहीत तीनच आकडे लिहा: सामन्यातल्या चाली, हवे असलेले गोल, आणि ३६ चालींमागे हवे असलेले गोल. आमचे: ८०, ६, २.७.

## टप्पा ४: नवा तक्ता

ऑफसाइड गेल्याने ३ ची जागा रिकामी झाली. तिथे चार सेकंदांचा नियम बसतो, दानंही तेवढीच दोन. फाउल मात्र वाढवावे लागले, नाहीतर सहावा फाउल कधी येणारच नाही. ५ हा आकडा 'चाल मोडली'मधून काढून फाउलला दिला.

- २: पेनल्टी, फाउलच्या मोजणीत धरा (१)
- ३: चार सेकंद उलटले, चाल संपली, फाउल धरू नका (२)
- ४, ५: फाउल, फ्री किक (७)
- ६, ७: चाल मोडली (११)
- ८: किक-इन (५)
- ९: कॉर्नर (४)
- १०, ११, १२: शॉट (६)

शॉटवर फक्त ६ ला गोल. किक-इन आणि कॉर्नरवर ५-६ ला शॉट मिळतो, साध्या फ्री किकवर ६ ला. पेनल्टी जुनीच, ३ ते ६ ला गोल. १० मीटरच्या किकला ४-५-६ ला थेट गोल. तिथे आधी 'शॉट मिळाला का' हा फासा टाकायचा नाही, कारण खऱ्या नियमातही ती किक गोलाकडेच मारायची असते, पास देता येत नाही.

हिशेब: ३६ चालींत सरळ शॉट ६, किक-इनमधून १.६७, कॉर्नरमधून १.३३, फ्री किकमधून १.१७, मिळून १०.१७ शॉट. त्यांचा सहावा हिस्सा १.६९. पेनल्टीचे ०.६७. बेरीज २.३६, म्हणजे ८० चालींत ५.२५ गोल. उरलेला पाऊण गोल १० मीटरच्या किकमधून येतो.

सावध: ३ च्या दानाला फाउलच्या रेघेत धरण्याची चूक फार होते. चार सेकंदांच्या उल्लंघनाला थेट फ्री किक नसते, म्हणून ते मोजणीत येत नाही. मोजणीत येतात ते थेट फ्री किकचे आणि पेनल्टीचे फाउल.

## टप्पा ५: फाउलची मोजणी

हा खेळाचा जीव आहे, म्हणून यावर थोडा वेळ द्या.

गुणपत्रकावर प्रत्येक संघाचे दोन चौकोन करा, पहिल्या आणि दुसऱ्या हाफचा. फाउल बचाव करणाऱ्या संघाच्या चौकोनात. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेद देणारी आडवी, अशी आपली नेहमीची जुडी. ही जुडी इथे चपखल बसते, कारण पाच फाउल माफ आणि सहाव्याला १० मीटर. जुडी बांधली गेली की समोरचा लगेच 'जुडी!' असं ओरडतो. हा आमच्या पोरांनी स्वतःच पाडलेला रिवाज, आणि त्यामुळे मोजणी विसरणं जवळपास बंद झालं. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत बांधलेल्या जुडीकडे बघत फासे खोक्यात हलवणारा हात किती वेळ थांबतो, ते एकदा बघाच.

एका हाफमध्ये समोरच्याच्या २० चाली असतात, त्यात फाउल सरासरी साडेचार. एका संघाचा सहावा फाउल साधारण चार हाफमध्ये एकदा येतो, पण आला की त्याच्यामागून सातवा-आठवाही येऊ शकतो. दोन सामन्यांत दोन्ही संघांच्या मिळून १० मीटरच्या तीन-चार किक पडतात. यापेक्षा जास्त झाल्या तर किकचा धाक जातो, कमी झाल्या तर जुडीकडे कुणी बघत नाही.

हाफ संपला की मोजणी शून्य. पण सामना ज्यादा वेळेत गेला तर दुसऱ्या हाफचीच मोजणी पुढे चालते. नवा चौकोन करू नका. ज्यादा वेळ आम्ही १० मिनिटं धरतो, म्हणजे ५ फेऱ्या.

## टप्पा ६: कार्डं, टाइमआउट, फ्लाइंग कीपर

हे तिन्ही तक्ता पक्का झाल्यावरच घाला.

कार्ड. प्रत्येक फाउलनंतर लाल फासा टाका. ६ आला तर पिवळं कार्ड. तोच फासा पुन्हा टाका, परत ६ आला तर पिवळ्याऐवजी लाल. कोणाला मिळालं ते १ ते ५ च्या दानाने ठरवा, ६ आला तर पुन्हा. सामन्यात साधारण १८ फाउल होतात, त्यामुळे थेट लाल कार्ड दोन सामन्यांत एक. खऱ्या मैदानाच्या मानाने हे जास्त वाटेल. मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे, नाहीतर दोन मिनिटांचा नियम महिनोन् महिने खेळात येत नाही. संघ एकाने कमी असताना समोरच्याच्या शॉटला ५-६ ला गोल.

टाइमआउट. दर हाफला एक, न वापरलेला पुढे जात नाही. आपल्याला किक-इन, कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली असेल तेव्हाच घ्यायचा, आणि त्यावरचा फासा एकदा पुन्हा टाकायला मिळतो. सरळ शॉटवर किंवा पेनल्टीवर टाइमआउट देऊ नका. खेळ थांबलेला असताना आणि चेंडू आपला असतानाच तो मिळतो, हा मूळ नियमाचा अर्थ सरळ शॉटवर मोडतो.

फ्लाइंग कीपर. १६ व्या फेरीपासून मागे असलेला संघ कीपरला पुढे आणू शकतो. त्याच्या शॉटला ५-६ ला गोल, पण त्याची चाल ६ किंवा ७ ला मोडली तर समोरच्याने लगेच एक फासा टाकायचा, ६ ला रिकाम्या जाळीत गोल. ३६ चालींमागे फायदा १.७ गोलांचा, तोटा १.८ चा. म्हणजे पुढे असलेल्याला याचा उपयोग नाही, एका गोलाने मागे असलेल्याला आहे. मला हवा होता तो तोल हाच.

सावध: तिन्ही एकाच दिवशी घालू नका. खेळ बिघडला तर कशाने बिघडला ते कळणार नाही.

## टप्पा ७: चांगल्या खेळाडूला '+१' देऊ नका

जुन्या खेळात नावाजलेल्या खेळाडूला चालीच्या दानात +१ असतो. अकरा जणांत तो कधीतरीच वाट्याला येतो. पाच जणांत तो प्रत्येक फेरीत समोर असतो आणि तक्ता वाकवतो. एक मिळवला की शॉट ९ पासून सुरू होतात, म्हणजे ६ दानांऐवजी १०. दुसरं लगेच लक्षात येत नाही: २ ही बेरीजच शिल्लक राहत नाही, म्हणून त्या खेळाडूला पेनल्टी कधीच मिळत नाही. उत्तम खेळाडू आणि पेनल्टी शून्य!

त्याऐवजी हाफमध्ये एकदा त्याच्या शॉटचा फासा पुन्हा टाकायची मुभा द्या. चांगल्या कीपरला तसंच: हाफमध्ये एकदा समोरच्याला गोलाचा फासा पुन्हा टाकायला लावता येतो. वापरलं की कार्ड आडवं ठेवा.

## टप्पा ८: चाचणी

कार्डं, टाइमआउट आणि फ्लाइंग कीपर सोडून दहा सामने खेळा. नुसत्या तक्त्याचा सामना अर्ध्या-पाऊण तासात होतो. दहा सामन्यांत ६० च्या आसपास गोल अपेक्षित आहेत, पण ४५ ते ७५ मध्ये काहीही आलं तरी तक्त्याला हात लावू नका. फासे म्हटले की एवढी चढउतार असणारच. एका सामन्यात ११ गोल झाले म्हणून त्याच संध्याकाळी तक्ता खोडणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. त्या खोडाखोडीत आठवडा गेला.

७५ च्या वर किंवा ४५ च्या खाली गेलं तर आधी हिशेब पुन्हा तपासा, मग एकच गोष्ट बदला, आणि छोटी. शॉटचा गोल ६ वरून ५-६ ला केला तर सामन्यामागे पावणेचार गोल वाढतात. किक-इनवर ५-६ ऐवजी फक्त ६ ठेवला तर ०.३ च कमी होतात. शॉटच्या फाशाला म्हणूनच सगळ्यांत शेवटी हात लावायचा.

चार-चार जणांच्या, सात-सात मिनिटांच्या स्ट्रीट फुटबॉलला खेळ लावायचा असेल (नागपूरच्या स्लम सॉकर या संस्थेमुळे तो प्रकार इथल्या पुष्कळ पोरांना ठाऊक आहे) तर हा तक्ता उचलून नेऊ नका. टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करा. १४ मिनिटांना दोन मिनिटांच्या सातच फेऱ्या होतात, आणि तिथून सगळा हिशेब बदलतो.

## टप्पा ९: नियमांचं एक पान

सगळं एका पानाच्या दोन बाजूंवर मावलं पाहिजे: पुढे तक्ता आणि फाशांचे आकडे, मागे फाउल, कार्डं, टाइमआउट. मग ते पान अशा दोघांच्या हातात द्या ज्यांनी खेळ बनवताना पाहिलेला नाही, आणि बाजूला बसून एक शब्दही बोलू नका. ते जिथे अडतील तिथे पेन्सिलने खूण करा. आमच्या शेजारच्या दोन बहिणी चौथ्याच फेरीत अडल्या: १० मीटरची किक हुकली, आता चाल कोणाची? मला ते इतकं उघड वाटत होतं की लिहिलंच नव्हतं. आता मागच्या बाजूला पहिल्याच ओळीत आहे: 'किक हुकली की चाल संपली, फासे समोरच्याकडे.'